घरातलं गाणं, बँडचा साज

एक साधा प्रश्न. तुमच्या घरात गाणारं कोणी आहे का? म्हणजे रेडिओबरोबर गुणगुणणारं नव्हे! जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे अशी गाणी आहेत, जी कुठल्याच सीडीवर किंवा मोबाईलवर सापडत नाहीत, असं कोणी. बहुतेकांकडे एखादी आजी, आत्या किंवा गावाकडचे काका असतातच. आता दुसरा प्रश्न. ती गाणी आपण कॉलेजच्या गॅदरिंगला स्टेजवर म्हणू का? इथे मात्र सगळे गप्प!

हाच प्रश्न साधारण साठ वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या मुलामुलींपुढे होता. आयर्लंडचं सगळं बेट मिळूनसुद्धा आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडंसंच मोठं भरतं. पण तिथल्या काही भावंडांनी या प्रश्नाचं जे उत्तर शोधलं, ते आज जगभर ऐकलं जातं. ते उत्तर नेमकं काय होतं आणि ते कसं चालतं, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

आधी काय होतं?

आयर्लंडचं पारंपरिक संगीत मुळात एका सुराचं. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, सहा भोकांची टिन व्हिसल आणि कोपराने हवा भरायचे इलियन पाइप्स. सगळी वाद्यं एकच धून एकत्र वाजवतात, प्रत्येक जण आपापल्या हरकती घेत. आपल्या भजनी मंडळात सगळे एकच चाल म्हणतात आणि पेटी त्यांच्या मागे मागे जाते, तसंच काहीसं. यातल्या बहुतेक धुना नाचासाठी असतात. ‘जिग’ सहा मात्रांची, तीन-तीन अशी, म्हणजे थेट आपला दादरा! ‘रील’ चार-चारची, केरव्याच्या जवळची. धुनेचे दोन भाग, प्रत्येक भाग आठ बारचा आणि दोनदा वाजवायचा, की झाले ३२ बार. मग दोन-तीन धुना एकापाठोपाठ जोडून एक ‘सेट’ तयार होतो.

गाणं तर त्याहून एकटं. आयरिश भाषेतलं जुनं गाणं एक माणूस डोळे मिटून, साथीशिवाय म्हणतो. ठेका नाही, कॉर्ड नाही, काही नाही. ऐकायला विलक्षण, पण १९६० च्या दशकात बीटल्स ऐकणाऱ्या पोरांना ते ‘म्हाताऱ्यांचं’ वाटलं तर नवल नाही. त्यातून आयरिश ही आधीच आक्रसत चाललेली भाषा. ती रोजच्या बोलण्यात उरली होती ती पश्चिमेकडच्या थोड्या गावांत. तिथलं गाणं गेलं असतं, तर त्या भाषेचा एक मोठा आधार गेला असता.

स्कारा ब्रे : भाऊ, दोन बहिणी आणि एक मित्र

आता यातली मुख्य पात्रं. मीहॉल ओ डोनल आणि त्याच्या बहिणी ट्रीओना व मायरेड. (बहिणींचं आडनाव ‘नी गोनल’ असं ऐकू येतं, पण घर एकच हं! आयरिशमध्ये मुलाला ‘ओ’ लागतो, मुलीला ‘नी’, आणि त्यामुळे पुढचा उच्चारही बदलतो.) ते राहायचे मीथ परगण्यातल्या केल्स गावात, पण उन्हाळा जायचा डोनेगॉलमधल्या रानाफास्टला, वडिलांच्या माहेरपणाच्या गावी म्हणा ना! तिथे नीली आत्या होती आणि तिच्याकडे जुन्या गाण्यांचा मोठा साठा होता. वडील अशी गाणी गोळा करून डब्लिनच्या विद्यापीठाच्या लोकसाहित्य संग्रहासाठी टिपून ठेवायचे.

म्हणजे गाणी कागदावर सुरक्षित होती. पण कागदावरचं गाणं कोणी गात नसतं!

मुलांनी काय केलं? त्यांनी आत्याची गाणी घेतली आणि कानात होते बीटल्स व पेंटँगल. पेंटँगल हा १९६७ साली सुरू झालेला ब्रिटिश बँड. बर्ट जान्श आणि जॉन रेनबोर्न हे दोन जबरदस्त गिटारवाले त्यात होते. लोकगीत, जॅझ आणि ब्लूज हे लोक बिनधास्त एकत्र आणायचे. या भावंडांनी डाही स्प्राउल नावाच्या मित्राला बरोबर घेतलं, ग्रुपचं नाव ठेवलं ‘स्कारा ब्रे’ आणि १९७१ साली एकच अल्बम काढला. आयरिश भाषेतली पारंपरिक गाणी हार्मनीत गाणारा हा पहिला ग्रुप मानला जातो. मीहॉलचा जन्म १९५१ चा. म्हणजे तेव्हा तो माझ्याच वयाचा, विशीतला पोरगा!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे हार्मनी म्हणजे काय हे मला शाळेच्या क्वायरने शिकवलं. एकीने ‘सा’ धरायचा, दुसरीने त्याच वेळी ‘ग’ किंवा ‘प’, आणि दोघींनी एकमेकींकडे न बघता टिकून राहायचं. वर्गातल्या मुलींना हे जमायला महिनोन् महिने लागायचे. सख्ख्या भावंडांना मात्र ते लवकर साधतं, कारण बोलणं ती एकाच घरात शिकलेली असतात. ‘आ’ म्हणताना तोंड किती उघडायचं, शब्द कुठे तोडायचा, श्वास कधी घ्यायचा हे सगळं सारखं. स्वरांचे उच्चार जुळले की आवाज एकमेकांत मिसळतात, दोन गळे आहेत हेच कळेनासं होतं. अमेरिकेतले एव्हर्ली ब्रदर्स किंवा बी जीज ऐका, लगेच पटेल.

डी-ए-डी-जी-ए-डी : थोडं इंजिनिअरिंग

आता आपल्या सगळ्यांच्या आवडीचा भाग! होस्टेलवर दर तिसऱ्या खोलीत गिटार असते. तिच्या तारा जाड तारेपासून ई-ए-डी-जी-बी-ई अशा लावलेल्या असतात. सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी दोन सेमिटोन उतरवली की होतं डी-ए-डी-जी-ए-डी. हे ट्यूनिंग इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलं. आयरिश संगीतात ते आणणाऱ्यांमध्ये डाही आणि मीहॉल ही नावं अगदी पुढची.

दोन सेमिटोन खाली म्हणजे फ्रिक्वेन्सी साधारण ०.८९ पट. तारेचा ताण फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो (फर्स्ट इयर फिजिक्स आठवा!), म्हणून ताण राहतो ०.७९ पट, म्हणजे जवळजवळ २१ टक्क्यांनी कमी. तार सैल होते, आवाज खोल येतो.

पण खरी गंमत पुढे आहे. ‘डी’ला सा धरा. मग सहा तारा होतात सा-प-सा-म-प-सा. तानपुरा आठवला ना? यात ‘ग’ कुठेच नाही! पाश्चात्त्य कॉर्ड मेजर की मायनर, म्हणजे आनंदी की उदास, हे गंधारच ठरवतो. शुद्ध ‘ग’ असेल तर मेजर, कोमल असेल तर मायनर. जुन्या आयरिश चाली या दोन खोक्यांत नीट बसत नाहीत. साध्या ट्यूनिंगमध्ये ठोकळेबाज कॉर्ड वाजवले की चालीचा जीवच जातो. या ट्यूनिंगमध्ये गिटार फक्त जमीन देते आणि ‘ग’ कुठला लावायचा हा हक्क गाणाऱ्याकडेच राहतो. शिवाय टिन व्हिसलची सगळी भोकं झाकली की ‘डी’ वाजतो आणि पाइप्सचा अखंड सूरही ‘डी’चाच असतो. सगळं एका जागी येऊन मिळालं!

थोडक्यात, नवं वाद्य आणताना या मुलांनी गाणं वाद्याच्या मापाने कापलं नाही, वाद्य गाण्याच्या मापाने लावून घेतलं. मला वाटतं, हीच या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

चार वर्षांचा बँड, पन्नास वर्षांचा ठसा

मीहॉल आणि ट्रीओना पुढे ‘बॉथी बँड’मध्ये गेले. हा बँड १९७५ ते १९७९ एवढाच चालला. पुढे बासरी, फिडल आणि पाइप्स एकच धून सुसाट वाजवताहेत आणि खाली डोनल लनीचा बुझुकी, मीहॉलची गिटार आणि ट्रीओनाचा क्लॅव्हिनेट रॉक बँडसारखा जोर लावताहेत! बुझुकी हे तर ग्रीसचं वाद्य. जॉनी मोयनिहान या कलावंताने ते १९६० च्या दशकाच्या मध्यात आयरिश संगीतात आणलं आणि आज ते तिथलंच वाटतं. आपल्या पेटीचं तेच झालं की! युरोपातून आली आणि नाट्यसंगीताला तिच्याशिवाय करमेना.

त्याच सुमारास डोनेगॉलमधल्याच ग्वीडोरमध्ये आणखी एक घर गात होतं. ब्रेनन भावंडं मोया, कीरन, पोल आणि त्यांचे जुळे मामा नोएल व पॉड्रिग डुगन. हे ‘क्लॅनड’, सुरुवात १९७० ची. नावाचा अर्थच मुळी ‘डोहर गावचं कुटुंब’ असा. वडिलांचा स्वतःचा बँड होता आणि पुढे त्यांनी पब चालवला, आई संगीत शिकवायची. १९८२ साली क्लॅनडने एका टीव्ही मालिकेसाठी केलेलं ‘हॅरीज गेम’चं शीर्षकगीत ब्रिटनच्या चार्टवर पाचव्या क्रमांकावर गेलं, आणि गाणं आयरिशमध्ये! धाकटी बहीण एन्या त्याच वर्षी बाहेर पडली आणि १९८८ मध्ये तिचं ‘ओरिनोको फ्लो’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं.

मग आले डंडॉकचे ‘द कॉर्स’. तीन बहिणी, एक भाऊ. आईवडिलांचा बँड ॲबा आणि ईगल्सची गाणी वाजवायचा. मुलांनी १९९५ च्या पहिल्या अल्बममध्ये पॉपच्या मधोमध फिडल आणि टिन व्हिसल आणली. आणि जगभर नाव झाल्यावर, २००५ साली, आईच्या गाण्यांच्या वहीतली पारंपरिक गाणी घेऊन ‘होम’ हा अल्बम केला.

हा ठसा अजून पुसलेला नाही. कार्लोचे दोन भाऊ ‘ये व्हॅगाबॉन्ड्स’ नावाने गातात. त्यांचा २०१९ चा ‘द हेअर्स लॅमेंट’ ऐकलात, तर भावाभावांचे मिसळलेले आवाज आणि खालचा तो अखंड सूर स्कारा ब्रेची आठवण करून देतो. ग्लासगोत जन्मलेल्या पण मुळं ग्वीडोरची असलेल्या फ्रील बहिणी फिडल, बासरी आणि पाइप्स वाजवत घरचीच गाणी गातात.

मग तोटा काहीच नाही?

आहे ना! मायकेल कोलमन हा स्लायगोचा फिडलवादक १९१४ साली अमेरिकेला गेला आणि १९२० व ३० च्या दशकांत त्याने न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड्स काढल्या. त्या इतक्या गाजल्या की आयर्लंडभर लोक त्याच्यासारखंच वाजवू लागले. त्याने १९३४ मध्ये ज्या क्रमाने तीन रील्स वाजवल्या, तोच क्रम आजही लोक वाजवतात! गावागावांच्या वेगवेगळ्या ढंगांवर एका लोकप्रिय रेकॉर्डने असा रोलर फिरू शकतो. बँडचंही तेच. बॉथी बँडचा वेग सगळेच घेतात, पण त्या वेगाखाली आपल्या गावची हरकत दबली तर काय उपयोग?

फरक पडतो तो मूळ कुठून घेतलं यामुळे. स्कारा ब्रेने पेंटँगलची गाणी घेतली नाहीत, पद्धत घेतली. गाणी आत्याचीच होती.

आणि आपण?

आपल्याकडे हे अगदीच नाही असं नाही. प्रल्हाद शिंदे, त्यांची मुलं आनंद-मिलिंद आणि नातू आदर्श, अशा तीन पिढ्या एकाच घरात आहेत आणि प्रत्येकीने आपापल्या काळाचा साज वापरला. पण जात्यावरच्या ओव्यांचं काय? हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत. ओ डोनल भावंडांच्या वडिलांनी केलं तेच काम, तेही केवढं मोठं! म्हणजे संग्रह आपल्याकडे आहे. नाहीये तो बँड.

माझी आजी ओव्या म्हणते. जातं कधीच माळ्यावर गेलं, आता मेथी निवडताना म्हणते. तिची चाल चार-पाच स्वरांतच फिरते आणि पूर्वी तिच्याखाली जात्याची अखंड घरघर असायची. म्हणजे साथीला खालचा सूर होताच, तानपुऱ्यासारखा! मी हॉस्टेलवरच्या एका मैत्रिणीची गिटार डी-ए-डी-जी-ए-डीमध्ये लावून आजीच्या रेकॉर्डिंगखाली वाजवून पाहिली. अट एकच ठेवली, चालीला हात लावायचा नाही. गंधार आजीचा, जमीन गिटारची. आजीने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, “वाजवतेस बरं, पण घाई कसली?” तेव्हा वेगही तिचाच ठेवायचा, हे ठरलं.

तुमच्याकडेही कोणीतरी असेलच. या सुट्टीत घरी गेलात की पहिलं काम, मोबाईलवर ते गाणं रेकॉर्ड करा. कोणाचं, कुठल्या गावचं, कधी म्हणतात, हेही त्यांच्याच आवाजात घ्या. दुसरं, भाऊ-बहीण, चुलत, मावस, जे हाताशी असतील त्यांना बसवा आणि एकाला ‘सा’ धरायला लावा. आणि तिसरं, पुढच्या गॅदरिंगला नाव द्या. कीबोर्ड चालेल, ड्रम्सही चालतील. फक्त वाद्य गाण्याला लावून घ्या, गाणं वाद्याला नको!