गुणांचे मोल, श्रमांचे मोल

दिल्लीतील आर. के. पुरम ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. परीक्षेच्या बळावर नोकरी मिळविलेल्या आणि बदलीच्या निमित्ताने येथे आलेल्या कुटुंबांत पाल्यांच्या गुणपत्रिकेस विशेष महत्त्व असावे, यात नवल नाही. मराठी घरेही त्यास अपवाद नाहीत. निकाल जवळ आला की ‘नव्वद टक्के मिळव, सायकल घेऊ’ असे आश्वासन सहज दिले जाते. त्यामागे माया असते. परंतु बक्षिसामुळे मूल खरोखर अधिक शिकते काय?

हार्वर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी २००७ पासून अमेरिकेतील काही शहरांत प्रत्यक्ष पैसे देऊन याचा शोध घेतला. न्यूयॉर्कमध्ये चाचणीतील गुणांसाठी, तर शिकागोत विषयवार श्रेणीसाठी रोख रक्कम दिली गेली. शिकागोत सर्वोच्च श्रेणीचे मोल ५० डॉलर होते. तरीही प्रमाणित परीक्षांतील गुण वाढले नाहीत. मुलांना पैसे हवे होते. गुण वाढवावेत कसे, हे मात्र उमगत नव्हते. डल्लासमध्ये दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून त्यावरील प्रश्नांची उत्तरे दिल्यास २ डॉलर मिळत. तेथे इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मुलांचे वाचन-आकलन सुधारले. निकाल मुलाच्या हाती नसतो, पुस्तक असते.

पारितोषिक विद्येस मारकच ठरते, असेही नव्हे. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले, तरी संस्कृतचा व्यासंग सुटला नाही. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठीत आणले. शिष्यवृत्तीची रक्कम केव्हाच संपली असेल. गोडी जन्मभर पुरली.

म्हणूनच बक्षीस द्यावयाचे झाल्यास ते टक्क्यांना न देता नियमित वाचनास, रोज सोडविलेल्या गणितांस द्यावे. रक्कम लहान असावी आणि ती पाल्याच्या बचत खात्यात जमा व्हावी. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास बँकेने ठरविलेल्या मर्यादेत असे खाते स्वतः चालविता येते. थेंबे थेंबे तळे साचे, हा धडा पासबुकातील नोंदींइतका स्पष्ट अन्यत्र क्वचितच मिळेल.

आणि एखाद्या वर्षी गुण उणे पडलेच, तर सायकलीबरोबर आईवडिलांची मायाही हुकली, असे मात्र मुलास कधी वाटू नये.