बाबासाठी भेट, कारागीर पाळण्यात

बाळाच्या तळहाताला रंगाचा ब्रश टेकवा. मूठ बंद! रंग आत, कागद बाहेर, आणि पुढच्याच क्षणी ती मूठ तोंडात. फादर्स डेच्या कार्डावर पाच सुबक बोटं उमटवायचा बेत इथेच बारगळतो.

यात बाळाचा हट्ट काही नसतो. तळहाताला काही लागलं की बोटं मिटणं ही उपजत प्रतिक्रिया आहे. पोटात असताना, साधारण सोळाव्या आठवड्यापासूनच ही कसरत सुरू होते आणि जन्मानंतर पाच-सहा महिन्यांनी आपोआप सुटते. त्यामुळे दोन महिन्यांच्या बाळाचा स्वच्छ, सुटासुटा पंजा कुठे फ्रेममध्ये दिसला, तर खुशाल समजावं की एकाने बाळ धरलं होतं, दुसऱ्याने मनगट, आणि आत्या समोर खुळखुळा वाजवत होती. एक युक्ती मात्र आहे. मुठीच्या बाहेरच्या कडेवरून, करंगळीच्या बाजूने, हलकेच बोट फिरवलं की मूठ बऱ्याचदा सैल पडते. बऱ्याचदा, हं. नेहमी नाही.

माझं ऐकाल तर पंजाच्या नादी लागूच नका. पाऊल घ्या.

पायाची गुपितं

पाऊल तोंडापासून लांब असतं, निदान पहिले काही महिने. पुढे बाळाला पायाचा अंगठा चोखण्याचा शोध लागतो, तो भाग वेगळा. पण पायालाही त्याची खोड आहेच. बोटांच्या खाली तळव्यावर दाबलं की पायाची बोटं आत वळतात. ही सवय वर्षाच्या आसपास जाते. उलट टाचेपासून तळव्याच्या बाहेरच्या कडेने वर करंगळीपर्यंत बोट ओढलं, की अंगठा वर जातो आणि बाकीची बोटं पसरतात. १८९६ साली पॅरिसमधले मेंदूविकारतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी या प्रतिक्रियेचं वर्णन केलं. मोठ्या माणसाचा पाय असा वागला तर डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते, बाळाचा वागला तर सगळं ठीक. आपल्याला मतलब एवढाच, की बोटं पसरली त्या क्षणी ठसा घ्यायचा.

कसा घ्यायचा तेही सांगते. मालिशच्या आधी, कारण तेलकट तळव्यावर पाण्यातला रंग थेंबाथेंबाने गोळा होतो आणि ठशाला भोकं पडतात. बाळ गाढ झोपलेलं असावं. स्पंजच्या तुकड्याने रंगाचा पातळ हात द्यायचा. जास्त झाला तर बोटांच्या फटी भरून सलग पट्टा उमटतो. मग पाय कागदावर आपटायचा नाही. कार्डशीट पुठ्ठ्याला चिकटवून तो पुठ्ठाच पायाकडे न्यायचा, टाचेपासून सुरुवात करून बोटांकडे टेकवत जायचा आणि एकदम उचलायचा. घोटा दुसऱ्या हाताच्या चिमटीत. चौथी आणि पाचवी बोटं कायम दगा देतात. ती नंतर करंगळीच्या टोकाने टिंब टिंब देऊन पुरी करायला हरकत नाही. बाबा मोजायला बसणार नाही.

उमटलेलं पाऊल मधे सपाट दिसेल. घाबरू नका. बाळाच्या तळव्याखाली चरबीची गादी असते, कमान दिसायला पुढे काही वर्षं जातात. आणि हो, घाई करा. मुलीचं पाऊल वर्षाच्या सुमारास आणि मुलाचं दीड वर्षाच्या सुमारास मोठेपणीच्या जवळजवळ निम्मं झालेलं असतं. बाकी अंगाला हा टप्पा गाठायला अजून अवकाश असतो, बुटांचा खर्च मात्र थांबत नाही.

बाळ अगदीच हाती लागत नसेल तर गौरीची पावलं काढणाऱ्या बायकांना विचारा. मूठ पिठीच्या पाण्यात बुडवून तिची करंगळीकडची कड टेकवायची आणि वर बोटाने पाच ठिपके द्यायचे. थेट बाळाचं पाऊल! तमिळनाडूत गोकुळाष्टमीला बाळकृष्ण असाच घरात चालत येतो. बाबाला फरक कळणार नाही. अर्थात ही फसवणूक आहे, हे तुमचं तुम्ही बघा.

गुहेतली पोरं

पोराचा हात धरून त्याच्याकडून ठसा काढून घेण्याचा उद्योग आपल्या पिढीने सुरू केला असं कुणाला वाटत असेल, तर त्याने फ्रान्सच्या पिरेनीज डोंगरातल्या गार्गासच्या गुहेची माहिती काढावी. तिथे भिंतीवर हात ठेवून भोवती रंग फुंकलेले शेकडो हात आहेत, सुमारे सत्तावीस हजार वर्षांपूर्वीचे. त्यांतला एक हात तान्ह्या बाळाचा, आणि तो भिंतीवर नीट टेकावा म्हणून मोठ्या माणसाने धरून ठेवलेला. पाहा, तेव्हाही बाळ स्वखुशीने तयार नव्हतं.

त्याच देशातल्या रुफिन्याकच्या गुहेत आणखी मजा आहे. भिंतीवरच्या मऊ थरात बोटं ओढून काढलेल्या रेघोट्या तिथे भरपूर. केविन शार्प आणि लेस्ली व्हॅन गेल्डर या संशोधकांनी तीन बोटांच्या रेघोट्यांची रुंदी मोजली आणि काढणाऱ्यांची वयं ताडली. काही रेघोट्या दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या निघाल्या. पाच वर्षांच्या एका मुलीने तर ठिकठिकाणी हात चालवला होता. यांतल्या काही रेघोट्या इतक्या उंचावर, छताला आहेत की मूल तिथवर पोचणं शक्यच नाही. म्हणजे कोणीतरी त्याला उचलून धरलं होतं, तेरा हजार वर्षांपूर्वी, मशालीच्या उजेडात. तो बाप होता की मामा, हे रेघोट्या सांगत नाहीत.

सरकारला नको तो ठसा

हाताच्या ठशांचं शास्त्र जिथून निघालं ती जागा आपल्या देशात आहे. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा गोरा अधिकारी होता. रस्त्याच्या खडीचं कंत्राट त्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला दिलं आणि कागदावर सहीबरोबर त्याचा अख्खा पंजा उमटवून घेतला. हेतू एवढाच, की उद्या गडी ‘सही माझी नाही’ म्हणायला नको. पुढे हर्शेलला छंदच जडला. आल्यागेल्याचे, मित्रांचे, स्वतःचे ठसे त्याने जमवले. त्यांत त्याच्या मुलाचे ठसेही आहेत: लहानपणी घेतलेले, तरुणपणी घेतलेले आणि चाळिशीत पुन्हा घेतलेले. वय वाढलं तरी रेषा बदलत नाहीत हे दाखवायला बापाला घरचंच बोट मिळालं.

या रेषा आईच्या पोटातच, साधारण तिसऱ्या महिन्यापासून आकार घेऊ लागतात आणि जन्माच्या कितीतरी आधी पक्क्या होतात. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्याही वेगळ्या असतात. तेव्हा जुळ्यांचे बाबा असतील तर दोन्ही ठशांखाली नावं लगेच लिहा, पुढे भांडण नको.

गंमत अशी की तान्ह्या बोटावरच्या रेषा इतक्या बारीक आणि कातडी इतकी मऊ की यंत्रालाही त्या नीट वाचता येत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांच्या निळ्या ‘बाल आधार’साठी म्हणूनच बोटांचे ठसे घेत नाहीत, पाचव्या वर्षी एकदा आणि पंधराव्या वर्षी पुन्हा एकदा केंद्रावर जावं लागतं. सरकारला जो ठसा चालत नाही तो बाबाला चालतो, एवढाच काय तो फरक.

रंग स्वयंपाकघरातला

रंग तोंडात जाणारच, हे गृहीत धरून चालावं. म्हणून हळद. पण हळदीचा पिवळा पंजा उमटवून बाळाचा हात साबणाने धुवायला घ्याल तर हात लालभडक होईल आणि सासूबाई किंचाळतील. रक्त नाही ते. हळदीतलं कर्क्युमिन साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाला लागलं की लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. हळदीचा दुसरा गुण तेवढा भला नाही: उन्हात ती उडते. कार्ड खिडकीत ठेवलं तर येत्या दिवाळीपर्यंत बाबाच्या हाती कोरा कागद उरेल.

त्यापेक्षा वारली चित्रकारांचा कित्ता गिरवा. गेरूचा हात दिलेल्या कागदावर तांदळाच्या पिठीचं पांढरं पाऊल. ठळक दिसतं, टिकतं, आणि पिठी पोटात गेली तरी काळजी नाही. बाजारचा शेंदूर मात्र लांब ठेवा. त्यात शिसं असू शकतं आणि शिशाची बाळाशी कधीच मैत्री नाही.

कणीक, शाडू आणि एक गंभीर गोष्ट

दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, मळायला वाटीभर पाणी. पाऊल दाबा, मंद ओव्हनमध्ये दोन-तीन तास वाळवा, झालं पदक तयार. परदेशी मासिकांत हे वाचायला छान वाटतं. पण फादर्स डे येतो जूनच्या तिसऱ्या रविवारी आणि मोसमी पाऊस मुंबईत पोचण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे रत्नागिरीत ते पदक आठवड्याभरात घामाघूम होऊन भिंतीवरून लोंबायला लागतं. वाळल्यावर सगळ्या बाजूंनी वॉर्निश मारलं तर तग धरतं. कच्चा गोळा बाळाच्या किंवा घरच्या कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. इतकं मीठ दोघांनाही घातक.

शाडू त्या मानाने शहाणी. जूनमध्ये पेणच्या गणपती कारखान्यांत काम जोरात असतं, माती गावोगाव मिळते. फक्त सुकताना ती आकसते. आजचं पाऊल आठवड्याने बघाल तर आणखी चिमुकलं झालेलं! बाळ वाढत असताना त्याचं पाऊल लहान होतं, असा हा एकच प्रकार माझ्या माहितीत आहे.

आता गंभीर गोष्ट. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये हात किंवा पाय थेट बुडवायचा नाही. बाळाचा नाही, मोठ्याचाही नाही. पाणी पडल्यावर ते घट्ट होताना तापतं, आणि थर जाड असेल तर चांगलंच भाजतं. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत चित्रकलेच्या तासाला सोळा वर्षांच्या मुलीने हात त्यात घातले. तिला बहुतेक सगळी बोटं गमवावी लागली. साचा करायचा तो अल्जिनेटचा. दाताचे डॉक्टर जबड्याचं माप घ्यायला तोंडात भरतात तीच ती गुलाबी लगदी. समुद्री शेवाळातून निघते, दोन-तीन मिनिटांत रबरासारखी घट्ट होते आणि तापत नाही. पाय बाहेर काढला की त्या पोकळीत प्लास्टर ओता. प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतं, म्हणून नखाची कडसुद्धा त्यात उतरते.

जावळाचा कुंचला, तांब्याचा बूट

आपण जावळ काढून देवाला वाहतो किंवा पाण्यात सोडतो. चीन आणि जपानमध्ये त्याच केसांचा लिहायचा कुंचला करून घेतात. यामागे कारण आहे. कधीच न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. एकदा कात्री लागली की ते बोथट होतं, पुन्हा कधी तसं येत नाही. म्हणजे हा कुंचला आयुष्यात एकदाच होतो, दुसऱ्यांदा न्हाव्याकडे जाऊन उपयोग नाही. बाबाला सुलेखनाची आवड असेल तर आजीशी आधीच बोलून ठेवा.

अमेरिकेत ओहायोमधल्या कोलंबसच्या व्हायोलेट शिनबाख यांनी १९३४ साली बाळाचे पहिले बूट धातूने मढवून द्यायचा धंदा काढला. म्हणायचं ब्राँझ, प्रत्यक्षात विजेच्या साहाय्याने चढवलेला तांब्याचा थर. असे बूट बापांच्या टेबलांवर वजन म्हणून, पुस्तकांना टेकू म्हणून वर्षानुवर्षं बसले. आपल्याकडे बाळ पहिलं वर्ष अनवाणीच काढतं, तेव्हा मढवायचं तर टोपडं मढवावं लागेल.

आणि हा रविवार कुठून आला?

अमेरिकेतल्या स्पोकेन गावच्या सोनोरा स्मार्ट डॉड यांनी १९०९ साली चर्चमध्ये मदर्स डेचं प्रवचन ऐकलं आणि त्यांना वाटलं, माझ्या वडिलांचं काय? त्यांची आई सहाव्या बाळंतपणात गेली होती. यादवी युद्धात लढलेल्या विल्यम स्मार्ट यांनी त्या तान्ह्यासकट सगळी मुलं वाढवली. सोनोरांना वडिलांच्या वाढदिवशी, ५ जूनला, हा दिवस करायचा होता. पाद्री म्हणाले, प्रवचन लिहायला वेळ हवा. म्हणून १९ जून १९१० उजाडला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही करायला १९७२ साल आलं. आयांचा दिवस १९१४ पासून सरकारदरबारी होता. बाबा लोकांना रांगेत उभं राहायची सवय जुनीच.

जूनचा तिसरा रविवार १५ ते २१ तारखेच्या आत कुठेही पडतो. शाडू सुकायला आठवडा धरा, वॉर्निशला दोन दिवस आणि फसलेल्या ठशांसाठी चार कार्डशीट जास्तीचे. मागच्या बाजूला तारीख आणि बाळाचं वय महिन्यांत लिहा, पेन्सिलीने. शाई ओलाव्याने फुटते. बेत फुटेल ही भीती मात्र बाळगू नका. कारागिराला अजून बोलता येत नाही.