दोन तपकिरी आणि एक माजघर

मालवणच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. माजघरासाठी दोन गडद मातकट रंग निवडले, एक गेरूच्या अंगाचा, दुसरा कॉफीच्या पुडीसारखा. दुकानात फरक लख्ख होता. घरी संध्याकाळी रंगांचे नमुना-पत्ते पाहिले तर दोन्ही सारखेच. डोळ्यांनी फसवले की दुकानदाराने?

दोघांनीही नाही. गेरूचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा. आपला जांभा चिरा लाल तोही त्याच्यामुळेच. पिवळी रामरज निखाऱ्यावर भाजा, खनिजातले पाणी उडून तिचाच गेरू होतो! हा तांबडेपणा दिसायला प्रकाशातही तांबडा हवा. साध्या एलईडीत गडद तांबडा कमीच, म्हणून गेरू मळकटतो आणि कॉफीच्या जवळ जातो. त्यात तिन्हीसांज. खळ्यातली जास्वंद आठवा: उजेड उतरताना फूल आधी काळवंडते, पाने मागाहून. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे 1825 मध्ये नोंदवले.

पण खरी गंमत दुकानातल्या फरकात आहे, आणि तिथे मला शेव्हरल आठवतो. पॅरिसच्या गोबलॅं विणकामशाळेत हा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता. तक्रार आली, आपल्या काळ्या धाग्याला दम नाही. त्याने इतर ठिकाणचे काळे धागे आणून ताडून पाहिले. रंगात खोट नव्हतीच! काळा धागा निळ्या-जांभळ्यांच्या शेजारी विणला जात होता आणि ते शेजारी त्याला फिका पाडत होते. एक रसायनशास्त्रज्ञ तक्रारीचे उत्तर रसायनात न शोधता डोळ्यात शोधतो, हे मला फार मोठे वाटते. 1839 मध्ये त्याने यावर जाडजूड ग्रंथ लिहिला.

त्याचा नियम असा की चिकटून ठेवलेले दोन रंग एकमेकांना दूर ढकलतात. पत्ते शेजारी धरले की गेरू जास्त तांबडा आणि कॉफी जास्त हिरवट-काळी दिसणारच. भिंतीवर मात्र एकच रंग राहणार, आणि त्याचा शेजारी दुसरा पत्ता नव्हे, तर फणसाच्या लाकडाचे पिवळसर दार. शिवाय समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर प्रकाश टाकतात, त्यामुळे पत्त्यापेक्षा खोलीत रंग अधिक गडद भरतो.

तेव्हा पत्ते बाजूला ठेवा. दोन्हींचे लहान डबे आणा, दाराजवळ दोन-दोन फुटांचे पट्टे मारा, पण एकमेकांपासून लांब. वाळल्यावर दुपारी पाहा आणि दिवेलागणीला पुन्हा पाहा. माजघरात तुम्ही ज्या वेळी जास्त बसता, त्या वेळचा रंग घ्या.