रजा घ्यायची की विकायची?

सरकारी ऑफिसातला निरोप समारंभ तुम्ही कधी पाहिलाय? वाशिमच्या जिल्हा परिषदेत असो, मानोऱ्याच्या पंचायत समितीत असो की रिसोडच्या तहसीलमध्ये, साचा एकच. शाल, श्रीफळ, फोटो. मग कुणीतरी भाषणात हमखास सांगतं की साहेबांनी तीस वर्षांत कधी रजा म्हणून घेतली नाही. टाळ्या पडतात. बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या काकूही टाळ्या वाजवतात, आता मनातून किती ते त्याच जाणोत. पुढे चहा-पोह्यांच्या वेळी एखादा सहकारी हळूच जवळ येऊन खरा प्रश्न विचारतो : ‘मग, तीनशे बसले का?’

हे तीनशे म्हणजे अर्जित रजेचे दिवस. ऑफिसच्या भाषेत ‘ईएल’. आपल्यापैकी निम्मे जण एमपीएससी, तलाठी, पोलिस भरती असं काही ना काही करतोय आणि उरलेले पुण्याची बस पकडायच्या तयारीत आहेत. पण नोकरी लागल्यावर रजा कशी साचते, कधी विकता येते आणि कधी फुकट जाते, हे कोणत्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. पगार किती, एवढंच सगळे विचारतात.

आधी सरकारी गणित बघू, कारण आपल्या जिल्ह्यात घरोघरी स्वप्न तेच आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. त्यानुसार वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते. १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ दिवस खात्यात जमा होतात. वापरली नाही तर साचते, पण ३०० दिवसांपर्यंतच. निवृत्त होताना जितकी शिल्लक असेल तितक्या दिवसांचे पैसे मिळतात, आणि ते शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता या दराने. घरभाडे भत्ता त्यात धरत नाहीत. समजा दोन्ही मिळून महिन्याला ८० हजार असतील, तर ३०० दिवस म्हणजे दहा महिने, म्हणजे ८ लाख रुपये. सरकारी कर्मचाऱ्याला या रकमेवर इन्कम टॅक्सही नाही. कर्मचारी नोकरीत असतानाच गेला तर ही रक्कम कुटुंबाला मिळते.

यात खरी गंमत दराची आहे. पंचवीस वर्षांपूर्वी पगार काही हजारांत असताना न घेतलेला एक दिवस निवृत्तीच्या दिवशीच्या पगाराने मोजला जातो. इतकं व्याज कोणती पतसंस्था देते? म्हणूनच ‘ईएल खर्च करू नको’ हा सल्ला बापाकडून पोराला आणि मोठ्या बाबूकडून नव्या बाबूला मिळत आलाय. या पैशातून कुणाचा अकोल्यातला प्लॉट झाला, कुणाच्या मुलीचं लग्न झालं, कुणाच्या पोराची कोचिंगची फी गेली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी एकरकमी हातात येणारा पैसा जास्तच मोलाचा झाला. तेव्हा रजा साठवणाऱ्यांना कंजूष म्हणून हसण्यात अर्थ नाही.

फक्त एकदा कॅल्क्युलेटर काढा.

तीस वर्षं नोकरी, वर्षाला तीस दिवस. एकूण ९०० दिवस. त्यातले पैसे किती दिवसांचे मिळणार? ३००. बाकीचे ६०० विकताच येत नाहीत. एक तर ते घ्यायचे, नाही तर सोडून द्यायचे. म्हणजे दरवर्षी २० दिवस मस्त रजा घेऊन फक्त १० साठवले, तरी तीस वर्षांनी शिल्लक तीनशेच. आणि ज्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, ज्यांनी एकही दिवस घेतला नाही, त्यांचीही शिल्लक तीनशेच! खाते दहाव्या वर्षीच भरलं. त्यानंतर दर सहा महिन्यांनी जमा होणारे १५ दिवस वापरले नाहीत म्हणून गेले. वीस वर्षं जात राहिले. सहाशे दिवस म्हणजे दीड वर्षापेक्षा जास्त काळ. त्यांनी तो कमावला होता आणि तो ना घरच्यांना मिळाला, ना बँकेत गेला.

हे गणित मी घरच्या सरकारी नोकरदारांपुढे ठेवलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, ‘रजा मागितली तर देतं कोण?’ ही तक्रार खरी आहे. मार्च एंडिंगला रजा नाही, अधिवेशन असलं की नाही, निवडणूक आली की नाही, आणि आपल्याकडे निवडणूक कायम येतच असते. टेबल सोडलं तर चार्ज कुणाकडे द्यायचा? पदं रिकामी असली की एकाच माणसाकडे तीन टेबलं. नियमाने रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, कामाच्या गरजेनुसार अधिकारी ती नाकारू शकतो. दुसरं उत्तर आलं आजारपणाचं : उद्या मोठं दुखणं निघालं तर? यावर मात्र नियमातच सोय आहे. वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा वेगळी मिळते आणि मेडिकल सर्टिफिकेट दिलं की ती निम्म्या दिवसांची पूर्ण पगारी करून घेता येते. बाळंतपणाची १८० दिवसांची रजा ईएलमधून कापत नाहीत. २०१८ पासून महिला कर्मचाऱ्यांना मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. तरीही भीती वाटत असेल तर पहिली पंधरा वर्षं वर्षाला १० दिवस घ्या आणि २० साठवा. तीनशे भरले की पुढे तीसच्या तीस घेतले तरी एक रुपया कमी होत नाही.

शिक्षकांचं प्रकरण वेगळं आहे. त्यांना उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी असते, म्हणून त्यांच्या खात्यात अर्जित रजा अशी साचत नाही. आणि कंत्राटी? अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर काम करणाऱ्यांच्या करारात रजा विकण्याची ओळ बहुतेक वेळा नसतेच. एकाच ऑफिसात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघांपैकी एकाचा न घेतलेला दिवस सोनं आणि दुसऱ्याचा माती. यावर निरोप समारंभात कुणी बोलत नाही.

साचलेली रजा म्हणजे मालकाची मेहरबानी की आपली कमाई, या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलं. प्रकरण विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं होतं. नाव ओळखीचं वाटेल, कारण आपल्या भागात तिच्या शाखा होत्या. १ मे २०२५ पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. बँकेच्या दोन माजी कर्मचाऱ्यांनी राजीनामा दिला होता. निवृत्त न होता राजीनामा दिला, म्हणून साचलेल्या रजेचे पैसे नाहीत, अशी बँकेची भूमिका होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. रजेचे पैसे पगारासारखेच आहेत, ती माणसाची मालमत्ता आहे, आणि कायद्याचा आधार असल्याशिवाय ती काढून घेता येत नाही, असा निकालाचा अर्थ. बँकेला व्याजासह पैसे द्यावे लागले. आपल्या पिढीला हा निकाल जास्त कामाचा आहे, कारण आपण एका जागी तीस वर्षं टिकणार नाही. आपण राजीनामेच देणार आहोत.

आता पुण्याच्या बसकडे वळू. मालेगाव, शेलूबाजार, कारंजा, कुठूनही संध्याकाळी ट्रॅव्हल्स सुटतात आणि सकाळी चाकण, रांजणगाव, हिंजवडीच्या दिशेने पोरं उतरतात. तिथे तीनशेचा विषयच नाही. कारखाने कायदा, १९४८ नुसार वर्षात २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळायची आणि पुढच्या वर्षात जास्तीत जास्त ३० दिवस नेता यायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात २४० ची अट १८० वर आली. तीस दिवसांवर साचलेल्या रजेचे पैसे घेता येतात, आणि कामगाराने मागणी केली तर वर्षाअखेरही रजेचे पैसे मिळू शकतात. अर्थात ‘कामगार’ या व्याख्येत मॅनेजर आणि वरच्या पगाराचे सुपरवायझर येत नाहीत. त्यांना कंपनीची पॉलिसी हाच कायदा.

पॉलिसी वाचताना एक आकडा नीट बघा. बऱ्याच कंपन्या रजेचे पैसे फक्त बेसिकवर काढतात. समजा हातात २४ हजार पगार आहे आणि त्यात बेसिक १२ हजार. सहा दिवस रजा घेतली तर त्या सहा दिवसांचा पूर्ण पगार, म्हणजे दिवसाला ८०० प्रमाणे ४८०० रुपये, मिळतच राहतो. तेच सहा दिवस विकले तर दिवसाला ४०० प्रमाणे २४०० हातात, आणि काम केलं ते वेगळंच. नोकरीत असताना विकलेल्या रजेचे पैसे उत्पन्नातही धरले जातात. निवृत्त होताना किंवा नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेला खासगी नोकरीत सूट आहे. तिची मर्यादा आधी ३ लाख होती, २०२३ मध्ये २५ लाख केली. पण पंचविशीतल्या पोरासाठी ती फार लांबची गोष्ट. सरकारी नोकरीत वाट पाहिली की दिवसाची किंमत वाढते. इथे ३१ डिसेंबर किंवा ३१ मार्च आला की कित्येक ठिकाणी रजा सरळ लॅप्स होते. त्यामुळे बाबांचा ‘साठवून ठेव’ हा सल्ला चाकणला घेऊन जाऊ नका. तो त्यांच्या नोकरीसाठी बरोबर होता.

आणखी एक बारीक पण कामाची गोष्ट. अर्ज केला आणि कंपनीने रजा नाकारली, तर ती न घेतलेली रजा तीस दिवसांच्या मर्यादेत मोजत नाहीत, पुढे नेता येते. हे जुन्या कायद्यातही होतं, नव्यातही आहे. पण त्यासाठी अर्ज हवा, नकार हवा, आणि दोन्ही लेखी हवेत. सुपरवायझरला लाइनवर जाता जाता विचारलं आणि तो ‘नंतर बघू’ म्हणाला, याला नकार म्हणत नाहीत. मेल टाका. किमान अर्जाचा फोटो काढून ठेवा.

आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना रजा लागते ती गोव्याला जायला नाही. म्हणजे तीही लागते, पण मुख्य रजा शेताच्या वेळापत्रकाने लागते. जूनमध्ये पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी, डिसेंबर-जानेवारीत तूर. चैत्रात पोहरादेवीची यात्रा. सोंगणीच्या आठ दिवसांत गावात मजूर मिळत नाहीत, मिळाले तर एकरी उक्त्याचा भाव त्यांचा. वरून पाऊस आला तर उभ्या शेंगेला मोड. अशा वेळी पुण्यातल्या पोराचा एक दिवस बेसिक भागिले तीस या हिशोबात बसतच नाही. घरी दोन हात वाढतात, मळणी यंत्राजवळ घरचं माणूस उभं राहतं, मार्केटला माल नेताना बापासोबत कुणी असतं. चारशे रुपयांत हे विकणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

आणि रजेचं सगळ्यात जुनं रजिस्टर तर गावातच आहे. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं, पाडवा ते पाडवा. मधे न आलेला दिवस म्हणजे खाडा. खाडे मोजून ठेवले जातात आणि सालातून कापले जातात किंवा भरून द्यावे लागतात. त्याच्याकडे विकायला रजा नाही, घ्यायलाही नाही. त्याचा पोरगा चाकणला लागतो तेव्हा ऑफर लेटरमधल्या ‘पगारी रजा’ या दोन शब्दांचा अर्थ घरात पहिल्यांदा कुणाला तरी समजावून सांगावा लागतो.

अडचण राहते तारखेची. रजेचा अर्ज १५ दिवस आधी द्या, ही कारखाने कायद्याने लावलेली सवय कंपन्यांमध्ये अजून आहे. दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्यातही तीच मुदत आहे. इकडे शेतातून फोन येतो दोन दिवस आधी : ‘पान गळालं, ये.’ मग ऐनवेळी ताप येतो, आजी आजारी पडते. एचआरला या तापाचा सीझन पाठ झालाय. पण जेएस ३३५ सारखं सोयाबीन ९५ ते १०० दिवसांत निघतं. २० जूनला पेरलं तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आलाच. घरी पेरणी झाली त्याच रात्री मोबाइलच्या कॅलेंडरवर शंभर दिवस मोजून ऐंशीव्या दिवशी अर्जाचा रिमाइंडर लावता येतो. पाऊस लांबला तर तारीख चार दिवस इकडेतिकडे होईल, पण अर्ज तर गेलेला असेल, आणि तोही लेखी.