कमी ऐकू येणाऱ्या कानांना मोठा आवाज का सोसत नाही?

ज्येष्ठांच्या घरी एक विसंगती वारंवार आढळते. आजोबांना हाक ऐकू जात नाही म्हणून आपण स्वर चढवावा, तर तेच म्हणतात, "ओरडतोस कशाला?" हा हेकटपणा नव्हे. त्याचे कारण कानातच आहे.

अंतर्कर्णातील बाह्य केसपेशी मंद ध्वनीचे वर्धन करतात. मोठ्या ध्वनीला त्यांच्या साहाय्याची फारशी गरज नसते. वयोमानाने वा गोंगाटाने त्या निकामी झाल्या की मंद ध्वनी लोपतो, मोठा मात्र जवळजवळ पूर्वीइतकाच मोठा राहतो. ऐकू येणे आणि असह्य होणे यांतील अंतर आक्रसते. निरोगी कानाला साधारणतः 100 डेसिबलच्या आसपास ध्वनी असह्य होतो. काहींना मात्र भांड्यांच्या खणखणाटानेही कळ येते. तेथे, कानाकडून येणारे संदेश क्षीण झाल्याने मेंदूने आपली संवेदनशीलता वाढविली असावी, असे अभ्यासक मानतात.

मग श्रवणयंत्र कपाटात जाते आणि कानात कापसाचे बोळे येतात. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकासमोर कान झाकणे योग्यच. परंतु घरात दिवसभर बोळे घालून बसणे आम्हांस हानिकारक वाटते. अमेरिकेत क्रेग फॉर्म्बी व सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी श्रवणाच्या स्वयंसेवकांनी दोन आठवडे कर्णरोधक वापरले, तेव्हा त्यांना ध्वनी अधिक मोठे भासू लागले. मंद सरसर ऐकविणारी उपकरणे वापरली, तेव्हा सहनशीलता वाढली.

उपचार याच तत्त्वावर उभा आहे. रुग्णाला कोणता ध्वनी असह्य होतो, ही पातळी श्रवणतज्ज्ञाकडून मोजून घ्यावी. केवळ किती ऐकू येते, एवढी तपासणी पुरेशी नाही. त्यानुसार यंत्राची कमाल मर्यादा बसवता येते. मात्र मर्यादा फार खाली आणली तर बोलणेही दबून अस्पष्ट होते. म्हणून जोडीला, दोन्ही कानांत मंद, अर्थहीन सरसर दररोज काही तास, कित्येक महिने ऐकविली जाते. अनेक आधुनिक श्रवणयंत्रांतच ही सोय असते. सोबत समुपदेशन हवे, कारण भीतीने ताण वाढतो आणि ताणाने आवाज अधिक बोचतो.

एकाच कानाचे ऐकणे अकस्मात मंदावले, तर मात्र यांपैकी कशाचीही वाट न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.