जाळीतला फुटबॉल आणि दहा दिवसांची लीग

पुण्याच्या बिबवेवाडीत संध्याकाळी फुटबॉल खेळायचा तर आधी कॉन्ट्री काढावी लागते. टर्फचं तासाचं भाडं दहा-बारा जणांत वाटलं, की जाळीच्या आत पाच-पाचचे दोन संघ उभे राहतात. कॉलेजची पोरं, मार्केट यार्डातलं काम उरकून आलेले तरुण, दिवसभर संगणकासमोर बसलेले नोकरदार, सगळे एकाच जाळीत. कृत्रिम गवतातले काळे रबरी दाणे बुटांत शिरतात. चेंडू जाळीवर आपटून परत येतो आणि खेळ चालूच राहतो. "अरे, मागे ये ना! कीपर एकटा आहे!" ही आरोळी तासाभरात किती वेळा उठते, ते मोजवत नाही.

खेळ मोठा रंगतो, पण तो फुटसाल नव्हे.

फुटसालला टणक, सपाट जमीन लागते. लाकडी असेल तर उत्तमच. 1930 मध्ये माँटेव्हिडिओच्या वायएमसीएमध्ये हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने हा खेळ बेतला तो बंदिस्त हॉलसाठीच. त्याचा चेंडू चार नंबरचा, परिघ 62 ते 64 सेंटिमीटर. दोन मीटर उंचीवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला तो जेमतेम 50 ते 65 सेंटिमीटर उसळतो. सगळं तंत्र या कमी उसळीतून येतं. चेंडू जमिनीला धरून राहत असल्यामुळे खेळाडू तो तळव्याखाली दाबून थांबवतो, तळव्यानेच मागे ओढतो आणि वळतो. बिबवेवाडीच्या टर्फवर पाच नंबरचा चेंडू टणाटण उडतो, त्याला असं आवरणं अवघड.

घड्याळ तर त्याहून कडक. चेंडू रेषेबाहेर गेला की तो पायानेच आत घ्यायचा, तोही चार सेकंदांत. नाहीतर संधी समोरच्या संघाची. एका अर्धात संघाचे पाच फाउल भरले, की सहाव्यापासून प्रतिस्पर्ध्याला समोर बचावाची भिंत नसलेली थेट फ्री किक मिळते. शेवटच्या मिनिटांत बचावपटूचे पाय जपून पडू लागतात ते यामुळे. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करतात, खेळ न थांबवता. दोन-तीन मिनिटं जीव तोडून धावायचं, बाहेर येऊन श्वास घ्यायचा, पुन्हा आत. टर्फवर मात्र कॉन्ट्री दिलेल्या माणसाला बाहेर बसा म्हणणं कठीण, त्यामुळे अर्ध्या तासानंतर सगळेच चालू लागतात.

आपल्या जाळीतला हा खेळ खरं तर अमेरिकेतल्या इनडोअर सॉकरला जवळचा. तिथे 1978 मध्ये मेजर इनडोअर सॉकर लीग सुरू झाली. आइस हॉकीच्या रिंगणात कृत्रिम गवत अंथरलेलं, भोवती फळ्या, प्रत्येकी सहा खेळाडू आणि फळीवर आपटून आलेला चेंडू खेळातच. ती 1992 मध्ये बंद पडली, पण तोवर चौदा वर्षं चालली होती.

आपल्याकडच्या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम दहा दिवसांत आटोपला. 15 ते 24 जुलै 2016, चेन्नई आणि गोवा, सहा संघ, नाव प्रीमियर फुटसाल. अध्यक्ष लुईस फिगो, सदिच्छादूत विराट कोहली, गीताला संगीत ए. आर. रेहमान यांचं. मुंबईकडे रायन गिग्ज, बंगळुरूकडे पॉल स्कोल्स, चेन्नईकडे ब्राझीलचा फुटसाल सम्राट फाल्काव. गोव्याच्या रोनाल्डिन्योने बंगळुरूविरुद्ध एकट्याने पाच गोल केले आणि लगेच तो स्पर्धा सोडून गेला. त्याच्या जागी काफू आला. अंतिम सामन्यात मुंबईने कोचीला पेनल्टीवर हरवलं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता लीगला नव्हतीच. 2017 मध्ये दुसरा हंगाम झाला, नंतर सगळं शांत.

त्या हंगामाला तमाशा म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं ठरेल. पायाच्या तळव्यावर चेंडू कसा फिरतो, ते हजारो मुलांनी त्यात पहिल्यांदा पाहिलं. उणीव होती ती खालच्या जमिनीची. दहा दिवस दिपवणाऱ्या लीगमागे जिल्हा स्पर्धा, पंच, हॉल आणि वर्षभर खेळणारे देशी खेळाडू यांची उतरंड नव्हती. महासंघाने फुटसाल क्लब चॅम्पियनशिप सुरू केली ती नोव्हेंबर 2021 मध्ये, दिल्लीत. पहिलं विजेतेपद दिल्ली एफसीचं. भारताचा पुरुष संघ आशियाई पात्रता फेरीत उतरला तो ऑक्टोबर 2023 मध्ये, दुशान्बेला.

पुण्याच्या पावसाला तर हा खेळ फारच सोयीचा. जून ते सप्टेंबर मैदानांवर चिखल असतो, उघडं टर्फ निसरडं होतं. शाळा-कॉलेजांच्या बॅडमिंटन हॉलची फरशी मात्र कोरडी असते. आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान किमान 38 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद लागतं. सरावाला त्याहून लहान जागाही चालते. पावसाळ्याचे चार महिने आठवड्यातून दोन संध्याकाळी असे हॉल मुलांना मिळाले, चार नंबरचे दोन चेंडू आणि चार सेकंद मोजणारा एक पंच मिळाला, तर बिबवेवाडी, पद्मावती, कोंढवा, धनकवडी एवढ्या परिसरातच आठ संघांचा हंगाम सहज उभा राहील, आणि तो दहा दिवसांहून बराच लांब असेल.