यंत्रवाद्यांचा मेळ

लग्नसराईत दोंडाईच्यासारख्या गावातून वरात निघाली म्हणजे तिच्याबरोबर चालणाऱ्या वाद्यांच्या गाडीकडे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. पूर्वी जेथे सनई आणि डफ, व पुढे पितळी वाद्यांचा बँड असे, तेथे आता पट्ट्यांची विद्युत्-वाद्ये व काठीने वाजवावयाचे पॅड यांनीही आपली जागा पटकावली आहे. पट्ट्यांचे वाद्य कोणत्याही कारखान्याचे असो, लोक त्याला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणून मोकळे होतात! यांपैकी बहुतेक वाद्यांत कळ दाबताच ठेका आपोआप सुरू होतो. एकच वाद्य ठेका धरीत असेल तोवर सर्व सुरळीत चालते. परंतु दोन-तीन वाद्ये आपापला ठेका धरून एकदम वाजू लागली, की थोड्याच वेळात ती एकमेकांशी भांडू लागतात. असे का व्हावे, आणि त्यांना एका तालात कसे बांधावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

माणसे एकत्र वाजवितात तेव्हा प्रत्येकाचा कान शेजाऱ्याकडे असतो. डफवाल्याने लय किंचित वाढविली तर सनईवाला नकळत तिच्यामागे जातो. यंत्राला हात आहेत, पण कान नाहीत. समजा, एका वाद्याची गती मिनिटास बरोबर 120 ठोके आहे आणि दुसऱ्याची 120.1. हा फरक सुरुवातीस कोणाच्याही ध्यानात येणार नाही. परंतु पाच मिनिटांत पहिले 600 ठोके वाजवील, तर दुसरे साडेसहाशे नव्हे, केवळ साडेसहाशेंहून पन्नास कमी अधिक अर्धा, म्हणजे 600.5 ठोके वाजवील. आणि तेवढ्या अर्ध्या ठोक्यानेच एकाचा जोर पडतो तेथे दुसऱ्याची मोकळी जागा येईल. दहा मिनिटांनी तर पुरता एक ठोका पुढेमागे होईल. दोन्ही वाद्यांवर एकच आकडा लावल्याने हा प्रश्न सुटत नाही. कारण प्रत्येकाचे आतील घड्याळ स्वतंत्र असते, आणि दोन स्वतंत्र घड्याळे कायमची जुळून राहत नाहीत. उपाय एकच: घड्याळ एकाचेच चालावे व इतरांनी ते मानावे.

या उपायाचे एक लक्षणीय उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादन करणारे चरणजित सिंग यांनी 1982 साली दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. यमन, मालकंस इत्यादी राग त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर बसविले होते. त्यासाठी रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे त्यांनी वापरली: सुरांसाठी ज्युपिटर-8, खर्जाच्या आवर्तनासाठी टीबी-303 आणि तालासाठी टीआर-808. यांपैकी शेवटच्या दोघांना ताल जुळविण्याची पाच टाचण्यांची खोबण होती. तिच्यातून एका यंत्राचे विजेचे ठोके दुसऱ्याकडे जात, आणि दुसरे निमूटपणे त्याबरहुकूम चाले. ही मुद्रिका त्या काळी फारशी खपली नाही. 2010 साली ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर मात्र जगभर तिची वाहवा झाली. चरणजित सिंग 2015 साली निवर्तले.

मात्र ही सोय एका घराण्यापुरती होती. निरनिराळ्या कारखान्यांच्या ठोक्यांची संख्याच निराळी! रोलंडची यंत्रे दर ठोक्याचे 24 भाग पाडीत, तर कोर्गची 48. अशा स्थितीत भिन्न कुळांच्या वाद्यांचा मेळ जमावा कसा? अमेरिकेतील वाद्यनिर्माते डेव्ह स्मिथ यांनी 1981 साली एका सामायिक पद्धतीची योजना मांडली. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनीही या कामी पुढाकार घेतला. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतील वाद्यप्रदर्शनात एक अमेरिकन व एक जपानी वाद्य एका तारेने जोडून दाखविण्यात आले, आणि त्याच वर्षी या पद्धतीचे नियम प्रसिद्ध झाले. हीच ‘मिडी’ पद्धती होय. बाजारात एकमेकांवर मात करू पाहणाऱ्या कारखानदारांनी एकच भाषा मान्य करावी, ही गोष्ट व्यापाराच्या इतिहासात विरळा. तिचा लाभ लहान गावच्या वादकालाही झाला. कारण वाद्ये एकाच कंपनीची घेण्याचे बंधन त्याच्यावर उरले नाही.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. तीतून जातात त्या आज्ञा: अमुक पट्टी दाबली, अमुक जोराने दाबली, आता सोडली. आवाज काढण्याचे काम आज्ञा घेणाऱ्या वाद्याचे. आपल्याकडील वाद्यवृंदांत घरोघरच्या नावासारखा झालेला ऑक्टापॅड 1985 साली प्रथम आला, तेव्हा त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. आठ चौकोनांवर काठी पडली की तो केवळ दुसऱ्या यंत्रास हुकूम देई. एका तारेत सोळा मार्ग असतात. टपालावर जसा पत्ता, तसा प्रत्येक आज्ञेवर मार्गाचा क्रमांक असतो, आणि ज्या वाद्यास जो क्रमांक नेमून दिला असेल तेवढ्याच आज्ञा ते उचलते.

तालाच्या आज्ञा मात्र सर्वांसाठी असतात. मुख्य वाद्य दर ठोक्यास 24 टिचक्या पाठविते. मिनिटास 120 ठोक्यांची गती असल्यास सेकंदास 48 टिचक्या होतात. त्या मोजीत अनुयायी वाद्ये चालतात. मुख्य वाद्याची गती वाढली की टिचक्या जवळ येतात व सर्वांची लय एकदम वाढते. परंतु टिचकीवरून लय कळते, सम कळत नाही. केरव्याच्या आठ मात्रांपैकी पहिली कोणती, हे टिचकी सांगत नाही. त्याकरिता ‘आरंभ’ ही स्वतंत्र आज्ञा आहे. ती मिळताच प्रत्येक वाद्य पहिल्या मात्रेपासून मोजू लागते. म्हणून सर्व अनुयायी वाद्ये आधी सज्ज करून मग मुख्य वाद्य सुरू करावे. मध्येच जोडलेले वाद्य लयीत चालेल, पण समेवर येईलच असा भरवसा नाही.

जोडणी करताना मुख्य वाद्याच्या ‘आउट’ खोबणीतून निघालेली तार पहिल्या अनुयायाच्या ‘इन’ मध्ये घालावी, व त्याच्या ‘थ्रू’ मधून निघालेली दुसऱ्याच्या ‘इन’ मध्ये. वाद्ये पुष्कळ असतील तर अशी लांबच लांब साखळी करण्यापेक्षा एका तारेच्या अनेक तारा करणारी पेटी मध्ये ठेवणे श्रेयस्कर. एक तार सुमारे पंधरा मीटरांहून लांब नसावी. मग मुख्य वाद्यावर घड्याळ ‘इंटर्नल’ व इतर सर्वांवर ‘एक्स्टर्नल’ लावावे. ‘एक्स्टर्नल’ लावलेले वाद्य एकटेच वाजवू पाहिल्यास त्याचा ठेका सुरू होत नाही. ते बिघडलेले नसते, आज्ञेची वाट पाहत असते.

खरेदीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. काही वाद्ये सुरांच्या आज्ञा घेतात, पण घड्याळ मानीत नाहीत. काही नव्या व स्वस्त वाद्यांस पाच टाचण्यांची खोबण नसून केवळ यूएसबीची असते. अशी दोन वाद्ये सामान्यतः थेट जोडता येत नाहीत, मध्ये संगणक वा तत्सम यंत्र लागते. आणि जुन्या यंत्रांची तालखोबण मिडीच्या खोबणीसारखी दिसली तरी तिची भाषा निराळी असते. ती दुभाष्याशिवाय मिडीला कळत नाही.

तारेची गतीही अमर्याद नाही. सुराची एक आज्ञा जाण्यास सुमारे एक हजारांश सेकंद लागतो, आणि आज्ञा एकामागून एक जातात. एकाच तारेवर सोळाही मार्ग भरून टाकले तर त्या तुंबतात. याकरिताच तालाच्या टिचकीस अग्रमान दिलेला आहे. दुसरी आज्ञा अर्धवट गेलेली असतानाही टिचकी मध्ये शिरून पुढे जाऊ शकते.

येथवर यंत्राचा विचार झाला. पण मेळ केवळ यंत्रांचा नसतो. वरातीत नाचणारे रंगात आले की लय चढते, नवरदेवाची घोडी थांबली की उतरते. ही चढउतार डफवाल्यास दिसते, घड्याळास दिसत नाही. सर्व वाद्ये एका घड्याळास बांधून ते गाडीच्या मागच्या कोपऱ्यात कोणाच्या हाताखाली नसलेल्या यंत्रात ठेवले, तर ताल अचूक राहील, पण पितळी वाद्ये वाजविणाऱ्यांना व नाचणाऱ्यांना त्या यंत्राच्या मागे फरफटत जावे लागेल. म्हणून मुख्य वाद्य कोणते हे ठरविताना महागडे कोणते हे न पाहता, ते कोणाच्या हाती राहील हे पाहावे. पुष्कळ वाद्यांवर बोटाने चारदोन ठोके देऊन गती बदलण्याची कळ असते. ती कळ ज्याची नजर वरातीवर आहे आणि ज्याचा कान सोबत्यांकडे आहे, अशा ताफ्यातील सर्वांत जाणत्या वादकाजवळ असावी. मग बाकीची यंत्रे त्याचेच ऐकतील.